डिसेंबरात पक्षी बघायला कुठे जावं? आधी पाणी बघा, मग गाव ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हातात ६ दिवस, बरोबर सत्तरीतली आई (गुडघ्यांचा त्रास) आणि ११ वर्षांची मुलगी. निघणार बोरिवलीहून. डोक्यात तीन नावं आहेत : भरतपूर, केरळमधलं थट्टेकाड आणि श्रीलंकेतलं सिंहराजा. आणि विचारलंय, "सगळ्यात जास्त जाती कुठे दिसतील?"

मी तुम्हाला या तिन्हींऐवजी ओडिशात जायला सांगेन. चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरचं मंगलाजोडी, तिथे ३ मुक्काम, आणि पुढचे २ भितरकनिकाच्या खारफुटीत. जातींच्या आकड्यावरून ठिकाण निवडायचा विचार मात्र मनातून काढून टाका. एखाद्या अभयारण्याची ३०० जातींची यादी असते ती बारा महिन्यांची आणि अनेक वर्षांची. तुमच्या वाट्याला येणार तो एक आठवडा. त्या आठवड्यात तिथे पाणी किती, चिखल किती उघडा, झाडाला फळ आहे का, यावर सगळं ठरतं.

हे आपल्याकडच्या भिगवणला नीट दिसतं. उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, पण पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि धरण काठोकाठ राहिलं तर डिसेंबरात तिथे नुसतं पाणीच पाणी असतं. रोहितांना गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो. पाणी उतरेपर्यंत ते येत नाहीत, लोक मात्र सुट्टी आहे म्हणून जातात आणि हिरमुसून परततात. म्हणून निघण्याआधी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या ठिकाणच्या मागच्या दोन-तीन वर्षांतल्या डिसेंबरच्या नोंदी बघा, आणि ज्याच्याकडे राहणार त्याला फोनवर सरळ विचारा : यंदा पाणी किती आहे?

आता तुमची तीन नावं. भरतपूर म्हणजे केवलादेव, जेमतेम २९ चौरस किलोमीटर, आणि आईसाठी सोयीचं, कारण तिथले सायकलरिक्षावाले स्वतः उत्तम पक्षी दाखवतात. पण डिसेंबरअखेरीस उत्तरेत धुकं पडतं. सकाळचे मोलाचे दोन-तीन तास पांढऱ्या पडद्यामागे जातात, आणि विमान-गाड्यांचा भरवसा राहत नाही. फेब्रुवारीत जा, फार सुंदर असतं. (सायबेरियन क्रौंचाची आशा मात्र ठेवू नका. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते तिथे आलेले नाहीत.)

थट्टेकाड आणि सिंहराजा ही सदाहरित जंगलं. ती मला जिवापाड आवडतात, तरी पहिल्या सहलीला कुणालाच सुचवत नाही. झाडांचे शेंडे तीस-चाळीस मीटर उंच, खाली अंधार. पक्षी आधी ऐकू येतो, दिसला तर नंतर. अर्धा तास काही हलत नाही आणि मग एकदम भृंगराज, सातभाई, वटवटे, सुतार असा मिश्र थवा डोक्यावरून जातो. दोन मिनिटांत पुन्हा सामसूम. सरावलेल्या माणसाला त्यातच आनंद असतो. ११ वर्षांच्या मुलीची मान दुखते आणि "कुठे? कुठे?" म्हणेपर्यंत पक्षी गेलेला असतो. सिंहराजात शिवाय चढ आहे, जळवा आहेत. फक्त श्रीलंकेतच सापडणाऱ्या ३० हून अधिक जाती आहेत, त्या कुठे जात नाहीत. गुडघे साथ देणाऱ्या मंडळींबरोबर कधीतरी फेब्रुवारी-मार्चात जा.

पाणथळीत नेमकं उलटं. पक्षी उघड्यावर, एका जागी, दहा-दहा मिनिटं. मुलीला दुर्बीण लावून पायांचा रंग, चोचीचा बाक, चिखलात चोच खुपसायची तऱ्हा सगळं सावकाश बघता येतं. पक्षी ओळखायला शिकायचं तर असं निवांत बघणं मिळालं पाहिजे. चिलिका आणि केवलादेव या भारतातल्या पहिल्या दोन रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतल्या) जागा, दोन्ही १९८१ च्या. पण मंगलाजोडीची ओढ मला आणखी एका कारणाने आहे. हे गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ओळखलं जायचं. मारून विकणं हाच कित्येक घरांचा धंदा होता. २००० च्या आसपास त्यातल्याच माणसांनी शिकार सोडून राखण सुरू केली, आणि आज तीच माणसं तुमची नाव बांबूने रेटत नळ-गवताच्या बेटांमधून नेतात. इंजिन नाही, आवाज नाही. पाणपक्षी कुठे दडतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार! शक्य असेल तर जुन्या नावाड्याची मागणी करा. तुमचे पैसे अशा घरात जातात तेव्हा तिथली पाणथळ टिकते, असं मला मनापासून वाटतं.

तिथे काय दिसेल? गॉडविटांचे मोठाले थवे, तलवार बदकं, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, शेकाटे, वर घिरट्या घालणारे सुरय आणि सगळ्यांना एकदम उडवून देणारा शिकारी पक्षी, दलदल भोवत्या. सकाळी उजाडता एक फेरी आणि दुपारी साडेतीननंतर दुसरी, एवढंच करा. मधल्या वेळात आईने झोपावं, मुलीने वहीत चित्रं काढावीत. मुंबईहून भुवनेश्वरला विमान आहे, पुढे गाडीने साधारण दीड-दोन तास. नावेत चढताना हात द्यावा लागेल, नंतर बसूनच राहायचंय, त्यामुळे आईला जमेल. पाठीला टेकायला एक उशी घ्या.

भितरकनिकाचा रस्ता मात्र लांबचा आहे, मधे जेवायला थांबलात तर अर्धा दिवस जातो. आई थकली असेल तर तो बेत सोडून मंगलाजोडीतच राहा. गेलात तर खाडीतून नावेने फिरायचंय. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात, आणि तपकिरी पंखांचा खंड्या दिसतो, जो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नाही.

जायच्या आधी घरची तयारी करा, याचा मी आग्रह धरेन. आपण मुंबईकर याबाबतीत नशीबवान आहोत. चिलिकाला जे वेडर्स (चिखलात चरणारे पक्षी) दिसणार, त्यातले बरेच आत्ता ठाण्याच्या खाडीत उतरलेत. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोटीची फेरी असते. नाहीतर भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता आहे. रोहितांची गर्दी जानेवारीनंतर वाढते, पण तुतवार, टिवळे, चिखले नोव्हेंबरात भरपूर असतात.

फक्त भरती-ओहोटी बघून जा. ॲप नसलं तरी कोळ्यांचा हिशेब आहेच : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते. पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो आणि पूर्ण ओहोटीला पक्षी पार लांब जातात. पाणी उतरायला लागल्यावर पहिला चिखल उघडा पडतो, तेव्हा उभे राहा. भरतीत खाडीतला चिखल बुडाला की रोहित नवी मुंबईतल्या तळ्यांवर, सीवूड्स-नेरुळकडे, विसाव्याला येतात. ती तळी बुजवायची भाषा निघते तेव्हा म्हणूनच आमचा जीव वरखाली होतो. तळं गेलं की भरतीच्या वेळी त्यांनी बसायचं कुठे?

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तर तुमच्या दाराशी आहे. सोमवारी बंद असतं, बाकी एखाद्या सकाळी मुलीला घेऊन जा. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो (१२ तारीख ही सलीम अलींची जयंती), त्या आठवड्यात ठिकठिकाणी फेऱ्या निघतात. एखादीत सामील झालात तर दुर्बीण विकत घेण्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघायला मिळेल.

दुर्बिणीबद्दल तुम्ही विचारलंच आहे. १०×५० च्या मोहात पडू नका (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). डुलत्या नावेत दहापट मोठं दिसणारं चित्र दहापट हलतं. मोठ्यांसाठी ८×४२, मुलीसाठी हलकी ८×३२. पहाटेच्या कमी उजेडात ४२ ची भिंग जास्त प्रकाश देते, हा फरक आहेच, पण ११ वर्षांच्या मानेला वजन जास्त जाणवतं. कॅमेऱ्याचे पैसे यंदा खर्चू नका.

आणि जंगलाचं काय? ते उन्हाळ्यात करा. शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि पश्चिम घाटातले कर्णा (ट्रोगन), मलबारी धनेश हे मुक्कामी पक्षी, त्यांना हिवाळ्याशी घेणं नाही. दांडेलीजवळच्या गणेशगुडीला जा. हुबळी-धारवाडपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. तिथे ओल्ड मॅगझिन हाउस आहे, सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायचं कोठार होतं ते. आता आवारात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी मांडलेली असतात. रानातलं पाणी आटतं तसतसे पक्षी तिथे येतात, म्हणून उन्हाळाच योग्य. बाकड्यावर बसून दिसतं सगळं, चालायला नको. दांडेली परिसरात चार प्रकारचे धनेश आहेत. एप्रिलमध्ये मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर तिला फटीतून वडा-उंबराची फळं भरवतो.

अशा ढोलीच्या जवळ नेतो म्हणणारा वाटाड्या भेटला तर नाही म्हणा, हे हात जोडून सांगतो. नर माणसं बघून बिचकला की परत वळतो, आणि आत बसलेल्यांचं सगळं पोट त्याच्या फेऱ्यांवर असतं. तसंच मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावणं. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो चारा टाकून भांडायला येतो. दिवसातून दहा गटांनी हेच केलं तर त्याने पिलांना भरवायचं कधी? थट्टेकाडला पुढेमागे जाल तेव्हा फ्रॉगमाउथ या रातपक्ष्याची जोडी एकाच फांदीवर वाळक्या पानासारखी चिकटून झोपलेली दाखवतील. लांबून दुर्बिणीने बघा, फ्लॅश मारू देऊ नका, आणि पाच मिनिटांत निघा. बुकिंग करतानाच "आम्हाला कॉल लावलेले चालणार नाहीत" एवढं बोलून ठेवलं की बहुतेक वाटाडे ऐकतात.

मंगलाजोडीत राहायच्या जागा मोजक्याच आहेत आणि नाताळात भरतात, त्यामुळे या आठवड्यातच फोन करा. मुलीला शाकाहारीच लागतं असं तुम्ही लिहिलंय, तेही तेव्हाच सांगून ठेवा. पहाटे पाण्यावर चांगला गारठा असतो, आईसाठी कानटोपी आणि शाल विसरू नका.