लिमिट स्विच सारखा का जातो?

प्रश्न : आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधल्या एका मशीनच्या स्लाइडला रोलर लिव्हरचा लिमिट स्विच (स्लाइड ठरल्या जागी पोचली की सिग्नल देणारा) आहे. दर दोन-तीन महिन्यांनी सिग्नल दगा देऊ लागतो. स्विच आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहे, तरी झाकण उघडलं की आत कूलंट. दुसऱ्या कंपनीचा घ्यावा का?

उत्तर : कंपनी बदलून उपयोग होईलसं वाटत नाही. कूलंट बहुतेक वेळा केबलच्या वाटेनं शिरतं. ८ मिमीच्या केबलला १०-१४ मिमीचं ग्लँड (केबल आत शिरते तिथलं तिला घट्ट धरणारं बूच) लावून फट टेपनं बुजवायची, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार! तिथंच आयपी ६७ संपतं. शिवाय ती चाचणी १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते, कूलंटच्या रोजच्या माऱ्याची नव्हे. ग्लँडचं तोंड खाली येईल असा स्विच बसवा. ते जमत नसेल तर केबलला ग्लँडच्या खालपर्यंत झोळ द्या, थेंब तिथंच गळून जातो. फ्लेक्झिबल पाइप वरून येत असेल तर तोही तपासा. त्यात साचलेलं कूलंट सरळ स्विचमध्ये उतरतं.

मग डॉग, म्हणजे लिव्हरला ढकलणारा ठोकळा, बघा. त्याचा उतार ३० अंशांच्या आसपास हवा. चढ उभा असला की प्रत्येक फेरीला लिव्हरला हिसका बसतो, शाफ्ट ढिला होतो आणि सील जातं. ‘टक्’ आवाज येताक्षणीच स्लाइड थांबत असेल, तर सेटिंग काठावर आहे. लिव्हर अजून थोडा पुढे जायला हवा, पण शेवटच्या टोकाला आदळता कामा नये.

तपासताना मेन बंद करून कुलूप लावा, तारा सोडवा, मगच मल्टिमीटर. लिव्हर हातानं सावकाश दहा-वीसदा फिरवा. बंद (जोडलेल्या) कॉन्टॅक्टचं रीडिंग दर वेळी शून्याजवळच आलं पाहिजे. स्विच कोरडा असूनही रीडिंग उड्या मारत असेल, तर पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) २४ व्होल्ट इनपुटचा काही मिलिअँपिअरचा करंट चांदीच्या कॉन्टॅक्टवरचा थर जाळायला पुरत नसावा. तिथं सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्या. मात्र तोच स्विच आधी कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलवर वापरलेला नको, ठिणगीनं मुलामा उडालेला असतो.

प्रश्न : होइस्टच्या (वजन उचलणाऱ्या यंत्राच्या) वरच्या लिमिटला एनओ (एरवी उघडा) कॉन्टॅक्ट लावावा की एनसी (एरवी जोडलेला)?

उत्तर : एनसीच. तार तुटली तरी होइस्ट थांबतो. स्विचवर वर्तुळातल्या बाणाची खूण बघून घ्या; कॉन्टॅक्ट चिकटला तरी तो जोरानं उघडतो, असा त्याचा अर्थ. रोज हुक थांबवायला हा लिमिट वापरू नका. पाळीच्या सुरुवातीला रिकामा हुक हळूहळू वर नेऊन एकदा तपासा, बस.