गरजेपुरतं घेऊन शहरात सुखानं राहता येतं का? आणि सगळेच तसे राहिले तर अर्थव्यवस्थेचं काय?

राहता येतं. गरजेपुरतं राहायचं म्हणजे ‘मन मारून’ राहायचं, असं तुम्ही लिहिलंय, तिथं मात्र माझा अनुभव वेगळा आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं नागपुरात ठरवत होतो, शहराच्या कडेच्या बेस्याला कर्ज काढून तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा की गोकुळपेठेत भाड्याच्या दोन खोल्यांतच राहायचं. राहिलो. माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला, सायकलनं वीस मिनिटं. भाजीबाजार पायी. फ्लॅट घेतला असता तर हप्ते आले असते, रोजच्या जाण्यायेण्याला गाडी आली असती, आणि हे सगळं फेडायला ह्यांना बाहेरगावची बढती घ्यावीच लागली असती. ती नाकारता आली, म्हणून लेक लहान असताना संध्याकाळी बाप घरी होता.

आता उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा ‘कमीत भागवा’ म्हणणं सोपं नसतं. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. त्याला साधारण २०० वॉट लागतात, तर दीड टनाच्या एसीला दीड हजाराच्या आसपास. इथली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. मार्चमध्ये नव्या ताट्यांवर पहिलं पाणी सोडलं की वाळ्याचा वास घरभर होतो. त्या वासासाठी मी उन्हाळ्याची वाट बघते, खरंच. पण कूलर पाणी पितो, मे महिन्यात टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, आणि पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो. सासऱ्यांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा त्यांच्या खोलीत आम्ही एसी बसवला. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, खरेदी घटली तर वाढ थांबेल आणि नोकऱ्या जातील, हा. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण ताडता येत नाही. आमचा मिक्सर अठरा वर्षांचा आहे. महाल भागातल्या एका काकांनी दोनदा वाइंडिंग करून दिलं, कपलर तर कितीदा बदलले. दर तीन वर्षांनी नवा घेतला असता तर देशाच्या एकूण उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, जास्त भर पडली असती, चटणी तीच झाली असती. आणि काकांचं दुकान चालतं ती नोकरीच आहे की!

१९३४ सालीच स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आपल्या शेजारच्या वर्ध्यातून, मगनवाडीतून बघत. ते मूळचे हिशेबतपासनीस. कोळसा आणि खनिज तेल हा साठा, उपसला की संपला. वाहतं पाणी आणि वाढतं जंगल हा प्रवाह, त्यावर कायम जगता येतं, अशी त्यांची मांडणी होती. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी बघत राहणाऱ्या आपल्याला तरी ती पटायला हवी.

मात्र ‘कमी करा’ हे सगळ्यांना सांगू नये. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरावर टिनाचं छप्पर आहे. त्यांना पक्कं छत हवं, कूलर हवा, नळाला पुरेसं पाणी हवं. हात आखडायचा तो आमच्यासारख्यांनी, ज्यांचं कपाट बंद होत नाही.

सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, घराबाहेरून. आमची गल्ली सिमेंटची झाली तेव्हा कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटवून सिमेंट ओतलं होतं. आम्ही पाच-सहा घरांनी मिळून वर्गणी काढली आणि बुंध्याभोवतीची हातभर जागा फोडून मोकळी करून घेतली. आता त्या सावलीत सकाळी भाजीची गाडी लागते, दुपारी मुलं सायकली टेकवतात, आणि आमची पश्चिमेची भिंत चारनंतर तापत नाही.