माती आंबट झाली की धातू सुटतात

प्रश्न : ताई, कुर्ल्याला आमच्या सोसायटीच्या मागे जुनं गॅरेज होतं. ते बंद होऊन जागा आता सोसायटीकडे आली आहे. माती काळी, तेलकट. पाऊस पडला की डबक्यावर रंगीत तवंग येतो. आम्हाला तिथे पालक, माठ लावायचा आहे. नर्सरीवाले म्हणतात, लाल माती आणून त्यात मिसळा, सगळं ठीक होईल. मिसळावी का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : मिसळू नका. आणि यंदा तिथे पालेभाजीही लावू नका.

तुम्हाला काळजी तवंगाची वाटते, मला त्याच्यामागे राहणाऱ्या धातूंची वाटते. हवा, ओल आणि थोडं नत्र मिळालं तर तेलाचा बराचसा भाग जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. धातू कोणी खात नाही. जळक्या ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेलं जस्त असतं, बेअरिंगमधून घासून आलेलं तांबं नि शिसं असतं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. गॅरेज त्याआधीचं असेल, तर त्या काळी सांडलेल्या ऑइलमधलं शिसं आजही तिथेच असणार.

आता आम्लतेचं. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांवर ऋणभार असतो, म्हणून जस्त, कॅडमियम, निकेल, शिसं यांचे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात. माती आंबट झाली की हायड्रोजनचे आयन वाढतात आणि त्या जागा बळकावतात. सुटलेले धातू पाण्यात उतरतात, तिथून मुळांत. सामू (pH) जितका कमी, तितकी माती आंबट; तो ७ चा ६ झाला म्हणजे आम्लता दहापट झाली. जस्त आणि कॅडमियम साधारण ६ च्या खाली झपाट्याने मोकळे होतात. शिसं जास्त घट्ट, त्याला आणखी आम्लता लागते. कॅडमियमची धास्ती मोठी, कारण ते पानांत साठतं आणि पालक ते सहज उचलतो.

मुंबईची बेसाल्टपासून झालेली काळी माती बहुधा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते आणि धातू चांगले धरून ठेवते. कोकणातली जांभ्याची लाल माती मात्र आम्लधर्मी. ती मिसळणं म्हणजे बांधून बसलेल्या धातूंना वाट करून देणं. शिवाय गॅरेजमध्ये बॅटऱ्या उघडल्या जात असतील तर त्यांतलं सल्फ्युरिक आम्ल आणि शिसं एकाच जागी सांडलेलं असतं. तो कोपरा कुठला, हे जुन्या रहिवाशांना नक्की विचारा.

मग चुना टाकायचा का? तपासणीआधी नाही. सामू खाली असेल तर चुनखडीची भुकटी घालून तो ६.५ ते ७ पर्यंत आणणं चांगलं; तेल खाणाऱ्या जिवाणूंनाही तेच मानवतं. पण अंदाजाने पोतं रिकामं करू नका. आर्सेनिक आणि विषारी रूपातलं क्रोमियम उलट वागतात, सामू चढला की जास्त सुटतात.

तपासणीत धातू स्पष्ट मागून घ्या. शेतीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात, त्यांत सामू, जस्त, तांबं आहे. शिसं आणि कॅडमियम नाही. खासगी प्रयोगशाळेत एकूण धातू आणि झाडाला उपलब्ध होणारे धातू, दोन्ही मोजायला सांगा. नमुने बॅटरीच्या कोपऱ्यातले वेगळे, बाकीचे वेगळे.

आणखी एक गोष्ट, हिच्याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. चुन्याने भाजी वाचेल, पण मातीचे हात तोंडात घालणारं लहान मूल वाचणार नाही. पोटातलं आम्ल बागेतल्या कुठल्याही मातीपेक्षा तीव्र असतं. तिथे शिसं विरघळतंच. अहवाल येईपर्यंत ती जागा झाकून ठेवा, मुलांना खेळू देऊ नका. पालक, माठ गच्चीवर ड्रममध्ये स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरून लावा. तिथे ही भाजी याच हंगामात येईल.