कॅमेरा घेतलेला सैनिक आणि बर्फाखालची पाणबुडी

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होते, त्यामुळे त्या युद्धाविषयी हाती येईल ते मी वाचतो. ऑस्ट्रेलियन सैन्यातील ह्यूबर्ट विल्किन्स हे छायाचित्रकार असताना त्यांना शौर्यपदक कसे मिळाले? युद्धानंतर त्यांनी उत्तर ध्रुवाकडे नेलेली पाणबुडीची मोहीम फसली, असे म्हणतात ते खरे का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : विल्किन्स यांच्या हाती कॅमेरा असला, तरी ते सैन्यातील अधिकारीच होते. युद्धाचे इतिहासकार चार्ल्स बीन यांना पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतील अशी, फेरफार न केलेली छायाचित्रे हवी होती आणि ती आघाडीवर गेल्याखेरीज मिळणारी नव्हती. तेथे जखमींना वाचवल्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे २९ सप्टेंबर १९१८ रोजी हिंडेनबर्ग रेषेवरील (पश्चिम आघाडीवरील जर्मन संरक्षक फळीवरील) लढाईत, आपले अधिकारी गमावून बसलेले काही अमेरिकी सैनिक त्यांना आढळले, तेव्हा कुमक येईपर्यंत त्यांनी स्वतः त्यांचे नेतृत्व केले. त्याबद्दल तेच पदक त्यांना दुसऱ्यांदा देण्यात आले. अशा माणसाला ‘नुसता छायाचित्रकार’ म्हणणे अन्यायाचे आहे.

युद्धानंतर ते दक्षिण ध्रुवप्रदेशाचे संशोधक शॅकल्टन यांच्या ‘क्वेस्ट’ जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून दक्षिणेकडे गेले. परंतु आपण विचारलेली मोहीम १९३१ ची. अमेरिकी नौदलाची एक जुनी पाणबुडी भाड्याने घेऊन त्यांनी तिला ‘नॉटिलस’ असे नाव दिले. अटलांटिक ओलांडतानाच इंजिने बंद पडल्यामुळे अमेरिकी युद्धनौकेने तिला ओढत आयर्लंडला नेले. दुरुस्तीनंतर बर्फाच्या कडेशी पोहोचल्यावर असे दिसले, की पाण्याखाली पाणबुडीचा कल सांभाळणारी मागची आडवी सुकाणी जागेवर नाहीतच. अशा स्थितीत कोणीही परत फिरले असते. विल्किन्स यांनी मात्र पाणबुडीचे नाक खाली झुकवून तिला बर्फाच्या थराखाली घुसवले. वरचा बर्फ तिच्या पाठीवर घासत असताना आत बसलेल्या खलाशांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. शास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनी या सफरीत समुद्राच्या पाण्याची आणि तळाची निरीक्षणे नोंदवली. पाणबुडी ८२ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडी पुढे जाऊन परतली आणि त्याच वर्षी नॉर्वेत बर्गनजवळ तिला जलसमाधी देण्यात आली.

ध्रुव गाठता आला नाही, हे खरेच. तथापि पाणबुडी बर्फाखाली जाऊन सुखरूप वर येऊ शकते, हे या मोहिमेने प्रत्यक्ष दाखवून दिले, म्हणून तिला फसलेली म्हणणे मला पटत नाही. ऑगस्ट १९५८ मध्ये अमेरिकेच्या, ‘नॉटिलस’ याच नावाच्या अणुपाणबुडीने ध्रुवाखालून प्रवास केला, तेव्हा विल्किन्स हयात होते.