तेरा वर्षांच्या मुलीला ई-रीडर घेऊन द्यावा की त्या पैशांत मराठी पुस्तकं आणावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही वडोदऱ्यात राहता, मुलगी तेरा वर्षांची, शाळा इंग्लिश मिडियमची. वाढदिवसाला तिला ई-रीडर (नुसती पुस्तकं वाचायचं पाटीसारखं यंत्र) हवाय, आणि तिची आजी म्हणते, तेवढ्या पैशांत ढीगभर मराठी पुस्तकं येतील. कोणाचं ऐकायचं?

मुलीचं ऐका. आजींचंही निम्मं बरोबर आहे, पण कदाचित त्या सांगत असतील त्या कारणासाठी नाही.

मीही इथलीच. दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, शाळेत तिसरंच काहीतरी. आमच्या घरात हा प्रयोग गेली दोन वर्षं चालू आहे आणि त्यातला उंदीर म्हणजे माझी भाची. भावाची मुलगी, बारा वर्षांची, वरच्याच मजल्यावर राहते. इंग्रजीत उशीएवढ्या जाड कादंबऱ्या तीन दिवसांत फस्त करते. मराठी फाडफाड बोलते (मधून मधून 'आत्या, मी हमणां आली' असं असतंच). पण वाचायची वेळ आली की गाडी बैलगाडी होते. कारण देवनागरी ती शिकली हिंदीच्या तासाला. त्यामुळे 'ळ' आला की अडखळते, 'दुसऱ्या'मधल्या त्या 'ऱ्या'ला बघून थांबते, आणि 'चाक'मधला च 'चार'मधल्या चसारखा वाचते. म्हणजे वय बारा, इंग्रजी कॉलेजचं आणि मराठी तिसरीचं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी दादरहून तिच्यासाठी आठ-दहा पुस्तकं आणली. मोठा टाइप, पानोपानी चित्रं, तिला झेपेल असं मराठी. महिनाभर ती पुस्तकं जिथे ठेवली तिथेच. नंतर त्यातलं एक सापडलं तिच्या गादीखाली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. कव्हर कशाला? तर मैत्रीण आली होती आणि मुखपृष्ठावरचा हत्ती बघून म्हणाली, 'तू अजून असलं वाचतेस?' झालं. संपला विषय.

माझा जुना ई-रीडर तिच्या हातात गेला तो असाच, माझा चष्मा बदलायला टाकला होता त्या आठवड्यात. तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर अक्षर वाढवून वाढवून एवढं मोठं केलं की पानावर आठ ओळी राहिल्या. जोडाक्षरं सुटी सुटी दिसायला लागली. रात्री जेवताना म्हणाली, 'आत्या, चाळीस पानं झाली!' छापील पुस्तकात ती नऊ-दहा पानं असतील, पण मी कशाला बोलतेय. आणि मुख्य म्हणजे राखाडी पाटीमागे ती काय वाचतेय, हत्तीची गोष्ट की रहस्यकथा, ते कोणाला कळत नव्हतं.

म्हणून म्हणते, ई-रीडर घ्या. डोळे, वजन, झाडं वाचवणं वगैरे सगळं ठीक आहे. पण आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांत खरी अडचण लाजेची असते. मोठी झालेली मुलगी लहान मुलांचं मराठी चारचौघांत वाचू शकत नाही, आणि ते वाचल्याशिवाय मोठ्यांच्या मराठीपर्यंत पोचू शकत नाही. ही मधली दोन वर्षं तिला गुपचूप काढू द्या.

फक्त टॅब घेऊ नका. दुकानदार 'त्यात सगळंच होतं' म्हणून गळ्यात मारेल, आणि सगळं होतं हीच तर पंचाईत. ई-रीडरच्या पडद्यात सूक्ष्म काळे-पांढरे कण असतात, पान उलटलं की विजेच्या धक्क्याने ते वरखाली होतात आणि मग तसेच बसून राहतात. त्यामुळे वीज लागते ती पान बदलतानाच, एकदा चार्ज केला की आठवडे जातात, आणि गच्चीवर भर उन्हात अक्षर उलट जास्त स्वच्छ दिसतं. पान बदलताना क्षणभर पडदा काळा होतो, त्याची सवय होते. पण त्यावर रील चालत नाही, मेसेज टुणकन वाजत नाही. फोनवर मी तिचं वाचन पाहिलंय. अर्ध्या तासात तीन पानं, आणि मध्ये किती दुकानं फिरून आली देव जाणे.

अभ्यासाचं मात्र वेगळं. शाळेची पुस्तकं कागदावरच राहू द्या. हे माझं एकटीचं मत नाही. २०१८ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा, मिळून एक लाख सत्तर हजारांवर वाचक. त्यात दिसलं की कागदावर वाचलेलं थोडं जास्त समजतं, विशेषतः मजकूर माहितीचा असेल किंवा वेळ बांधलेला असेल तेव्हा. गोष्टींच्या बाबतीत मात्र कागद आणि पडदा यांत फरक आढळला नाही. म्हणजे इतिहासाचा धडा पुस्तकातून, भुताची गोष्ट कशावरही. आमच्या घरी हाच नियम आहे, आणि परीक्षेच्या महिन्यात ई-रीडर माझ्या कपाटात असतो.

आता मराठीत मिळतं काय? आजींचा खरा आक्षेप इथे असायला हवा होता. किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरवर, मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळतात, पण किशोरवयाच्या मुलांसाठी निवड तोकडीच. फुकटचं मात्र बरंच आहे आणि ते आपल्या लोकांना ठाऊक नसतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तिथून सुरुवात करा. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. तिसरी-चौथीचं मराठीचं पुस्तक उतरवून घ्या, पण तिला 'तिसरीचं' म्हणून सांगू नका. नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, वयोगटानुसार लावलेलं. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं विनामूल्य देतं. आणि विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडावर, जुनं साहित्य आहे. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे १९५० साली गेलेले साने गुरुजी २०११ पासून सगळ्यांचे झाले.

यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय म्हणून सांगते. मराठीतली पुष्कळ मोफत पुस्तकं पीडीएफ असतात. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा. अक्षर मोठं करायला गेलात की अख्खं पान मोठं होतं, आणि मग प्रत्येक ओळीला पडदा डावीकडून उजवीकडे ढकलत बसा. सहा इंची पडद्यावर ते वाचणं ही शिक्षा आहे. ई-पब असेल तर मजकूर पाण्यासारखा वाहतो, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप जुळतात. तेव्हा जिथे दोन्ही मिळत असेल तिथे ई-पब घ्या. विकिस्रोतावरून तसं उतरवता येतं. आणि पुस्तक विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून बघा. जुन्या फॉन्टमधून घाईघाईत बदललेल्या फायलींत रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'कर्ता'चा 'कतार्' होतो. जिला आधीच वाचता येत नाही, तिला वाटतं चूक आपलीच.

दुसरी ठेच पैशांची. चारेक वर्षांपूर्वी मी एका अ‍ॅपवर बावीस मराठी पुस्तकं घेतली होती. एक दिवस अ‍ॅप बंद पडलं, पुस्तकं गेली, मेलला उत्तर नाही. ई-पुस्तक 'घेतलं' म्हणजे बहुतेक वेळा वाचायची परवानगी घेतली एवढंच. २००९ मध्ये खुद्द अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं विकत घेतलेल्या लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती, हक्कांच्या भानगडीमुळे. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण लोकांना कळायचं ते कळलं. म्हणून मी आता जे पुन्हा पुन्हा वाचलं जाईल ते छापील घेते, आणि एकदा वाचून संपेल ते ई.

आता आजींचं निम्मं.

भाची वाचायला लागली तशी माझी आई, म्हणजे तिची आजी, गप्प गप्प झाली. आधी तिला वाटायचं पोरगी फोनमध्ये आहे. फोन नाही, पुस्तक आहे असं सांगितलं, तर म्हणाली, 'असेल. मला काय दिसतंय?' ते खरंच होतं. छापील पुस्तक टीपॉयवर पालथं पडलेलं असतं, येणारा-जाणारा उचलतो, चार ओळी वाचतो, 'हा पुढे मरतो का गं?' म्हणून विचारतो. ई-रीडर असा पालथा पडत नाही. तो मिटतो, आणि त्यावर तिचाच पासवर्ड.

मग मी एक उद्योग केला. 'किशोर'च्या जुन्या अंकांतल्या तिला आवडलेल्या पाच-सहा गोष्टी रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतल्या, पाठपोट, स्पायरल बाइंडिंग करून. तो म्हणाला, 'बेन, आ तो मोबाइलमां पण वंचाय.' म्हटलं, भाई, तू बाइंडिंग कर. ते बाड जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर गेले तर रणकंदन चाललेलं. आईचा चष्मा बाडाच्या मधोमध खुणेसाठी ठेवलेला, आणि भाची पाय आपटतेय, 'आत्या, आजी माझ्या पुढे गेली! आणि शेवट सांगतेय!'

तेव्हापासून दुपारी दोघी एकत्र वाचतात. भाची मोठ्याने, आई भाजी निवडत. 'चाक' आलं की गवारीची शेंग मोडता मोडता आई नुसतं 'च्च' करते, तेवढ्यात पोरगी सुधारून घेते. हा च ई-रीडरवर मोठा करता येतो, पण कसा म्हणायचा ते तो सांगत नाही.

शिवाय आपल्या गावात राहून छापील पुस्तकांसाठी नुसतं दुकान-दुकान करण्यात अर्थ नाही. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी तुम्ही मुलीला दाखवलंय का? सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावला आणि त्याच्याकडून राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे, गावाने वाचायची आणि पेटी परत करायची. (माझ्या भाचीने हे ऐकून विचारलं, 'म्हणजे डाउनलोड?' जवळजवळ तेच.) त्या लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या मांडण्यांपर्यंत पोचावा म्हणून. पोरीला तिथे नेलं तेव्हा पुस्तकांआधी ती जमीनच बघत बसली, पाय टाकू की नको करत. मराठीचा साठाही आहे, थोडा जुना, पण आहे. सभासद होण्याचं आणि वेळेचं आधी विचारून जा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

आजींना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर ई-रीडर मुलीच्या हातात दिला असता आणि त्याच दिवशी एखादं छापील पुस्तक आजींच्या हातात. तेच, जे मुलीच्या ई-रीडरमध्ये पहिलं घातलंय.

आणि ई-रीडर घेताना कव्हर त्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका. आमच्या ई-रीडरवर पहिल्याच महिन्यात सेव-उसळीचा रस्सा सांडला. चालतो अजून, पण कोपऱ्यात एक तपकिरी डाग आहे, आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीवर तो येतोच.