गोधड्यांचं ऑनलाइन दुकान महिन्याला हजार रुपयांत चालेल का?

तुम्ही विचारलंय की घरी शिवलेल्या गोधड्या आणि दुपटी इन्स्टाग्रामवर विकता, महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी येतात, आता नीट दुकान थाटायचंय, तर वेबसाइट, पेमेंट, कुरिअर, लेबलं छापायचा थर्मल प्रिंटर या सगळ्यासाठी हजार रुपयांच्या आत कोणती साधनं घ्यावीत.

चालेल. मी कराडजवळ सासूबाई आणि शेजारच्या दोघींना घेऊन सहा वर्षं हेच करतेय. पण पहिले पैसे वेबसाइटवर घालू नका, वजनकाट्यावर घाला. काटा आणि शिंप्याची टेप. हसाल, पण आपल्या धंद्यात पैसा गळतो तो कुरिअरमध्ये.

कुरिअरवाले दोन वजनं बघतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं, ज्याला ते व्हॉल्युमेट्रिक म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायची. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. माझी सिंगल गोधडी काट्यावर १ किलो ८०० ग्रॅम भरते. सैल घडी घालून खोक्यात ठेवली की ४० × ३५ × २०, म्हणजे ५.६ किलो! पहिलं वर्षभर मी पावणेदोन किलोचा माल पाठवून साडेपाच किलोचं भाडं भरत होते, आणि दर कमी करून घ्यायला कुरिअरवाल्याशी भांडत होते. तीच गोधडी घट्ट गुंडाळून, गुडघ्याखाली दाबून सुतळीने करकचून बांधली की उंची १० वर येते आणि हिशेब २.८ वर. खोकं नकोच. आत प्लॅस्टिकची पिशवी, वरून कुरिअरची जाड पिशवी, बास.

आणि प्रत्येक पार्सलचा काट्यावर ठेवून, टेप लावून फोटो काढा. नंतर ‘तुमचं वजन जास्त निघालं’ म्हणून जादा रक्कम कापली जाते, तेव्हा हा फोटोच कामाला येतो. शिपरॉकेटसारख्या ठिकाणी अनेक कुरिअरचे दर एकत्र दिसतात आणि दहा-पंधरा पार्सलांनाही खातं उघडता येतं. आडवळणाच्या गावाचा पिनकोड असला की मी सरळ पोस्टात जाते.

ऑर्डरी घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं. फुकट आहे. दुकानासाठी वेगळं सिम घ्या, नाहीतर मावशींचे सुप्रभात आणि गिऱ्हाइकांचे पत्ते एकाच फोनवर सापडत बसाल. कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, आपल्याला पन्नासही लागत नाहीत. खरी गंमत लेबलांची आहे: ‘पैसे यायचे’, ‘शिवायला दिली’, ‘पाठवली’ अशी रंगीत लेबलं प्रत्येकीच्या चॅटला लावते. ‘धुवायची कशी?’ हा प्रश्न रोजचाच, त्याचं उत्तर झटपट उत्तरांत साठवून ठेवलंय.

पत्ता मात्र चॅटवर घेऊ नका. लोक व्हॉइस नोटमध्ये पत्ता सांगतात, ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हणून सोडून देतात. गूगल फॉर्म करा. पिनकोडच्या रकान्याला १००००० ते ९९९९९९ मधलीच संख्या चालेल अशी अट घालता येते, म्हणजे एक आकडा गाळला तर फॉर्म पुढेच जात नाही. भरलेलं सगळं आपोआप गूगल शीटमध्ये उतरतं, तीच आपली वही. मी तिथे चार रकाने वाढवलेत: कापड-दोरा, शिलाई, भाडं, हातात उरले किती. चौथा रकाना भरायला लागले तेव्हा कळलं की दुपट्यांवर मला जवळजवळ काहीच सुटत नव्हतं.

पैसे यूपीआयने थेट खात्यात घेतलेत तर कापलं काही जात नाही. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्या, साधारण २ टक्के घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८०० च्या गोधडीमागे साडेबेचाळीस रुपये. पंधरा ऑर्डरींना ते कशाला? फक्त स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. एकीने सुंदर हिरवी खूण असलेला स्क्रीनशॉट पाठवला, मी त्याच संध्याकाळी गोधडी रवाना केली, खात्यात दमडी आली नव्हती. आता स्वतःच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय सुतळी बांधत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी मी जवळपास बंद केलीय. गिऱ्हाईक दार उघडत नाही, गोधडी मळून परत येते, आणि जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आपल्या डोक्यावर. फार आग्रह केला तर २०० रुपये आधी घेते. ज्यांना खरंच हवी असते ते देतात.

आता वेबसाइट. मी घाई केली आणि एका ओळखीतल्या मुलाला चौदा हजार दिले. साइट बरी होती, पण डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला तो मागेल ती रक्कम द्यायची, नाहीतर दुकानाचं नाव सोडायचं. मी नाव सोडलं. तुम्ही कधी केलीत तर डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या, आणि पहिल्या वर्षाचा नव्हे, नूतनीकरणाचा दर बघून घ्या. तो बऱ्याचदा कितीतरी पट असतो. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर दुकान मांडून देणारं वूकॉमर्स फुकट आहे, दुकानाला पुरेसं आहे, पण अपडेट करणं आणि बॅकअप घेणं आपल्याच गळ्यात. तेच-तेच सांगून दमलात, उत्तरं देता येईनाशी झाली की वेबसाइटचा विचार करा.

फोटोला कॅमेरा नको. सकाळचं खिडकीतलं ऊन आणि कॉट. गोधडी कॉटवर अंथरूनच फोटो काढा, म्हणजे माप कळतं. जवळून धावदोऱ्याचा एक आणि मागच्या बाजूचाही एक. नुसत्या घडीचे फोटो टाकायचे तेव्हा ‘एवढीशीच?’ म्हणून दोन परत आल्या होत्या. कॅनव्हाचं फुकटातलं रूप पोस्टर बनवायला भरपूर झालं.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिचे पैसे मागणारे मधले दलाल टाळा. राज्याबाहेर माल जाणार असेल तर उलाढाल लहान असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हातकामाच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुमची गोधडी त्यात बसते का ते सीएला एकदा विचारून घ्या. ती फी वाचवू नका.

थर्मल प्रिंटरचंही विचारलंत. दिवसाला आठ-दहा पार्सलं जायला लागली की घ्या. मी अजूनही साध्या प्रिंटरवर एकाच ए-फोर कागदावर चार लेबलं छापते, आणि सासूबाई गोधडीचीच कात्री घेऊन ती कापतात. त्या कात्रीने कागद कापू नये म्हणून मी सांगून थकले.