भारतातली पहिली कलाशाळा मुंबईची जे. जे. का?

नाही, पहिला मान मद्रासचा. तिथे अलेक्झांडर हंटर या सर्जनने 1850 मध्ये कलाशाळा काढली, 1854 मध्ये कलकत्त्यात दुसरी निघाली आणि जे. जे. चे वर्ग भरायला लागले ते मार्च 1857 मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. गोंधळ होतो तो बहुधा देणगीमुळे: सर जमशेटजी जीजीभॉय यांनी जे. जे. साठी एक लाख रुपये 1853 मध्येच देऊ केले होते. एक मात्र लक्षात घ्या, मद्रास आणि कलकत्ता या दोन्ही शाळा खाजगी पुढाकारातून सुरू झाल्या आणि सरकारकडे नंतर गेल्या, त्यामुळे ‘पहिली सरकारी’ असा प्रश्न असेल तर 1850 हे साल तसंच्या तसं लागू होत नाही.

जे. जे. चं मोठेपण क्रमांकावर अवलंबून नाहीच. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं जे. जे. मध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची आहेत. एकदा मान वर करून बघाच. तिथलेच आणखी एक शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी तर विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्यातल्या कितीतरी 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या, याची हळहळ आजही वाटते.